भिंतीवरची वेल

(भिंतीला नक्षीचा कागद लावून घर सजवण्याची पद्धत इंग्लंडमध्ये व्हिक्टोरिया राणीच्या काळात फार वाढली. ती नक्षी कोठून आली, तिच्यामागे कोणाचे कष्ट होते आणि लोणावळ्यासारख्या पावसाच्या गावात ती भिंतीवर कशी टिकवावी, याची माहिती प्रस्तुत पाठात दिली आहे.)

लोणावळा आणि खंडाळा ही पुणे जिल्ह्यातील मावळ तालुक्यात वसलेली थंड हवेची ठिकाणे आहेत. १८५८ साली खंडाळा ते पुणे अशी रेल्वे सुरू झाली; पण मधला बोरघाट तेव्हा बांधून झाला नव्हता. मुंबईहून येणाऱ्या प्रवाशांना घाटाच्या पायथ्याशी गाडीतून उतरावे लागे. मग कोणी पालखीतून, कोणी घोड्यावरून, तर कोणी पायी घाट चढे. १८६३ साली घाटातील लोहमार्ग पूर्ण झाला आणि गाडी थेट धावू लागली. पुढे मुंबईच्या सधन लोकांनी येथे बंगले बांधले. उतरती कौलारू छपरे, रुंद व्हरांडे आणि छपराच्या कडेला लाकडी नक्षीची झालर अशी या बंगल्यांची घडण असे.

त्या काळाची ऐट आजही अनेकांना भुरळ घालते. घराला जुन्या बंगल्याची शोभा यावी म्हणून काही जण बैठकीच्या खोलीत व्हिक्टोरियन नक्षीचा वॉलपेपर लावतात. त्यावर हिरव्या पानांच्या वेली असतात, मोठी फुले असतात, डाळिंबे असतात. मधूनच एखादा पक्षी डोकावतो. कागद लावला त्या दिवशी खोली राजवाड्यासारखी दिसते.

मग जून महिना येतो. लोणावळ्यात वर्षाला सरासरी ४००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथून सुमारे ६५ किलोमीटरवर असलेल्या पुणे शहरात तो ७०० मिलिमीटरच्या आसपास असतो. लोणावळ्याची भिंत पावसाळाभर ओल धरते. कागदाच्या कडा सुटतात. मध्येच फुगे येतात. कागद चिकटवण्यासाठी लावलेली खळ बुरशीला आयते अन्न मिळवून देते. कागदाआड काळे डाग पसरतात आणि खोलीला कुबट वास येऊ लागतो. घर सजवण्यासाठी साठवलेले पैसे एका पावसाळ्यात वाया जातात.

मग मावळातल्या माणसाने भिंतीवर वेल काढूच नये का? जरूर काढावी. परंतु त्याआधी त्या वेलीची कुळकथा आपण जाणून घेऊ.

व्हिक्टोरिया राणीची कारकीर्द १८३७ ते १९०१ अशी होती. त्याआधी इंग्लंडमध्ये भिंतीच्या नक्षीदार कागदावर कर होता. तो कर १८३६ साली रद्द झाला. पुढे हा कागद यंत्रावर छापला जाऊ लागला. पूर्वी कारागीर लाकडी ठसा रंगात बुडवून एकेक ठसा हाताने उमटवत असे. यंत्राने तेच काम झपाट्याने होऊ लागले. कागद स्वस्त झाला. जी शोभा केवळ श्रीमंतांच्या हवेलीत दिसे, ती साध्या घरांतही दिसू लागली.

पण स्वस्त कागदावरची सगळीच नक्षी चांगली नव्हती. काही कागदांवर गुलाब असे छापलेले असत, की ते भिंतीतून बाहेर आल्यासारखे वाटत. काहींवर खोटे खांब, खोट्या कमानी आणि दूरची दृश्ये असत. अशा खोलीत बसणाऱ्याच्या डोळ्यांना विश्रांती मिळत नसे.

ओवेन जोन्स नावाच्या इंग्रज वास्तुरचनाकाराला हे आवडत नव्हते. तरुणपणी त्याने स्पेनमधील ग्रानाडा शहरातल्या अलहम्ब्रा या राजवाड्याचा बारकाईने अभ्यास केला होता. मुस्लिम राजांनी बांधलेल्या त्या राजवाड्यातील भिंती वेलबुट्टी, चौकोन, तारे आणि सुंदर अक्षरे यांनी भरलेल्या आहेत. पुढे १८५१ साली लंडनमध्ये मोठे जागतिक प्रदर्शन भरले. तेथे भारतातून गेलेले कापड, गालिचे आणि धातूच्या वस्तू पाहून अनेक इंग्रज कलावंत चकित झाले. जोन्सने १८५६ साली जगभरच्या नक्षींचा एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात अरबी, तुर्की, इराणी आणि भारतीय नक्षींना मानाचे स्थान दिले. पूर्वेकडचा कारागीर भिंतीला फसवत नाही, हे त्याच्या ध्यानात आले होते. तो फूल काढतो, पण ते सपाटच ठेवतो. त्यामुळे भिंत ही भिंतच राहते आणि तरीही सुंदर दिसते.

विल्यम मॉरिस हा त्या काळातील सर्वांत प्रसिद्ध नक्षीकार. १८६२ साली त्याने आपली पहिली वॉलपेपरची नक्षी तयार केली. लाकडी जाळीवर चढलेला गुलाब आणि त्यावर बसलेले पक्षी, अशी ती नक्षी होती. त्यातील पक्षी त्याचा मित्र फिलिप वेब याने काढले होते. यंत्राचे युग असूनही मॉरिसने आपले कागद लाकडी ठशांनी हाताने छापून घेतले. १८७५ सालच्या त्याच्या मोठ्या पानांच्या एका नक्षीसाठी तीस ठसे लागत आणि तीत पंधरा रंगछटा होत्या. एकही ठसा केसभर हलला, तर सगळी नक्षी बिघडे!

मॉरिसला इराणी गालिचे आणि भारतीय छापील कापड यांचे मोठे वेड होते. इराणमध्ये सोळाव्या शतकात विणलेला अर्दबीलचा प्रसिद्ध गालिचा १८९३ साली लंडनच्या संग्रहालयाने विकत घेतला, तो मॉरिसच्या सल्ल्यावरून. म्हणजे ज्या नक्षीला आपण इंग्रजी म्हणतो, तिची काही मुळे इराणच्या बागेत आणि भारतीय छिप्यांच्या अंगणातही आहेत.

शब्दांचेही असेच असते. कागद, नक्षी, कारागीर, गालिचा, गिलावा हे शब्द फारसीतून मराठीत आले आणि येथे घरचेच झाले. तुम्हांला ते उर्दूमुळे आधीच ओळखीचे आहेत. वेलीप्रमाणे शब्दही एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर चढतात.

मात्र या सुंदर कागदाची एक काळी बाजूही होती. त्या काळी हिरवा रंग लोकांना फार प्रिय होता. शेले नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १७७५ साली एक टवटवीत हिरवा रंग शोधला होता. पुढे १८१४ साली तसाच आणखी एक रंग बाजारात आला. दोन्ही रंगांत आर्सेनिक म्हणजे सोमल हे विष होते. कारखान्यात हे रंग हाताळणाऱ्या कामगारांच्या अंगावर फोड येत आणि जखमा होत. घरात कागद जुना झाला, की रंगाची विषारी भुकटी झडून हवेत मिसळे.

भिंत ओलसर असेल, तर धोका आणखी वाढे. ओल्या कागदावर बुरशी वाढते आणि रंगातील आर्सेनिकपासून लसणासारख्या वासाचा वायू तयार करते, हे गोसिओ नावाच्या इटालियन डॉक्टराने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रयोगांनी दाखवून दिले. मॉरिसच्या सुरुवातीच्या एका कागदाचा तुकडा २००३ साली तपासला गेला, तेव्हा त्याच्याही हिरव्या रंगात आर्सेनिक सापडले. ब्रिटनमध्ये अशा कागदावर बंदी घालणारा कायदा झालाच नाही. पण वर्तमानपत्रांतून आणि डॉक्टरांकडून बातम्या येत राहिल्या. अखेर गिऱ्हाइकांनी त्या कागदाकडे पाठ फिरवली आणि कारखानदारांना रंग बदलावे लागले. जाणत्या गिऱ्हाइकाने ‘याच्यात काय आहे?’ असे विचारले, तर मोठमोठे कारखानेही बदलतात.

आजच्या वॉलपेपरमध्ये तो हिरवा रंग नसतो. तरीही प्रश्न विचारण्याची सवय सोडू नये. घराच्या रंगातील शिसे लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते. म्हणून भारत सरकारने २०१६ साली नियम केला. त्यानुसार घरगुती रंगात दहा लाख भागांमागे ९० भागांहून अधिक शिसे असता कामा नये. रंगाच्या डब्यावर ही माहिती वाचून मगच तो घ्यावा.

आता आपल्याकडच्या भिंतींकडे वळू. लोणावळ्याहून मुंबईला जाणाऱ्या डेक्कन क्वीनने आपण छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरतो. ही इमारत १८७८ ते १८८८ या दहा वर्षांत, व्हिक्टोरिया राणीच्याच काळात बांधली गेली. तिच्या दगडी भिंतींवर पाने, फुले, पक्षी आणि प्राणी कोरलेले आहेत. त्या कोरीव कामात मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा मोठा वाटा होता. तिकीटघराच्या छतावर निळ्या रंगात सोनेरी तारे चमकतात. २००४ साली या इमारतीला जागतिक वारशाचा मान मिळाला. येथली वेल कागदावर नाही, दगडावर आहे. म्हणून शंभराहून अधिक पावसाळे ती तशीच उभी आहे.

यापेक्षाही जुनी नक्षी मावळातच आहे. कार्ले येथील लेण्यात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे चैत्यगृह आहे. त्याच्या ओसरीच्या भिंतींवर छोट्या कमानी आणि कठड्याची नक्षी ओळीने पुन्हा पुन्हा कोरलेली आहे. बेडसे येथील लेण्यातही अशी नक्षी दिसते. एकच आकार घ्यायचा आणि ठराविक अंतरावर तो पुन्हा पुन्हा मांडायचा, हेच तर वॉलपेपरचेही मूळ सूत्र आहे!

मावळातील शेतकऱ्याची जुनी भिंत मात्र दगडाची नसे. कारवीच्या काठ्यांचा कूड उभा करायचा आणि त्यावर शेणामातीचा गिलावा द्यायचा, अशी ती भिंत असे. पावसाने ती खराब होणार, हे घरच्यांना माहीतच असे. म्हणून पावसापूर्वी बाहेरच्या बाजूला आडोसा बांधत आणि पावसाळा संपला, की भिंत पुन्हा सारवत. या पद्धतीतून आपल्याला दोन गोष्टी शिकता येतात. पहिली, भिंतीला आधी पावसापासून वाचवावे. दुसरी, जे खराब होणार ते पुन्हा करता येईल असे असावे.

आता लोणावळ्यातील एखाद्या घरात व्हिक्टोरियन वेल कशी आणता येईल ते पाहू.

प्रथम भिंतीची ओल तपासावी. वहीच्या पानाएवढा प्लॅस्टिकचा तुकडा भिंतीवर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने पक्क्या बंद कराव्यात. एक-दोन दिवसांनी पाहावे. भिंतीकडच्या बाजूला पाण्याचे थेंब जमले असतील, तर ओल भिंतीच्या आतून येते आहे असे समजावे. खोलीकडच्या बाजूला थेंब असतील, तर खोलीतील हवाच दमट आहे. ओल आतून येत असेल, तर आधी कौले, गच्ची, भेगा आणि नळ दुरुस्त करावेत. ओल्या भिंतीवर कागद लावणे म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणे होय.

पावसाचा मारा बहुधा पश्चिमेकडून येतो. त्या बाजूच्या बाहेरच्या भिंतीवर कागद लावू नये. दोन खोल्यांमधली कोरडी भिंत निवडावी. कपाट भिंतीला अगदी चिकटवून ठेवू नये. मागून हवा खेळू द्यावी. हे काम हिवाळ्यात किंवा उन्हाळ्यात करावे.

कागद विकत घेण्यापूर्वी हिशेब करावा. वॉलपेपरची नेहमीची गुंडाळी सुमारे १० मीटर लांब आणि ५३ सेंटिमीटर रुंद असते. समजा, भिंत ४ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच आहे. ४०० ला ५३ ने भागले, तर साडेसात येतात. म्हणजे आठ पट्ट्या लागतील. एका गुंडाळीतून ३ मीटरच्या तीन पट्ट्या निघतात. म्हणून तीन गुंडाळ्या पुरतील. नक्षी शेजारच्या पट्टीशी जुळवण्यासाठी थोडा कागद कापावा लागतो, हेही विसरू नये.

ज्या भिंतीवर कागद टिकणार नाही, तेथे साच्याने नक्षी काढावी. जाड प्लॅस्टिकचा किंवा जुन्या एक्स-रे फिल्मचा तुकडा घ्यावा. त्यावर पाने आणि फूल काढून ती मोठ्या माणसाच्या मदतीने कापावीत. झाला साचा तयार! भिंतीच्या बरोबर मध्यभागी ओळंबा सोडून उभी रेघ आखावी. तेथून सुरुवात करून दोन्ही बाजूंना जावे, म्हणजे दोन्ही कोपऱ्यांत नक्षी सारखीच येते. स्पंज रंगात बुडवून तो कागदावर टिपून घ्यावा आणि जवळजवळ कोरड्या स्पंजाने साच्यावर हलके टिपावे. रंग जास्त झाला, तर तो साच्याखाली ओघळतो. चुन्याच्या भिंतीवर हे काम अधिक चांगले टिकते. चुना ओल शोषून घेतो आणि ऊन पडले की ती बाहेर सोडतो. शिवाय चुन्यावर बुरशी सहसा वाढत नाही.

व्हिक्टोरियन काळातील अनेक खोल्यांत भिंतीचे तीन भाग करत. खाली गडद पट्टा, मध्ये नक्षी आणि छताजवळ अरुंद किनार. आपल्याकडेही शाळेच्या किंवा दवाखान्याच्या भिंतीला खाली तेलरंगाचा गडद पट्टा असतो. हात, पाणी आणि धूळ यांचा त्रास खालच्याच भागाला जास्त होतो. म्हणून खाली गेरूच्या रंगाचा साधा पट्टा ठेवावा आणि त्याच्या वर वेल चढवावी. पुढच्या वर्षी पट्टा खराब झाला, तर तेवढाच रंगवता येतो.

साच्याने काढलेली एक भिंत पूर्ण करायला घरातल्या दोघांना सुट्टीचे दोन दिवस पुरतात. खर्च एका लहान डब्याचा. पावसाळ्यानंतर एखादे पान पुसट झाले, तर जपून ठेवलेला साचा काढायचा आणि ते पान पुन्हा उमटवायचे. अलहम्ब्राच्या कारागिराची शिस्त, मॉरिसची वेल आणि मावळच्या शेतकऱ्याचे शहाणपण ही तिन्ही त्या एका भिंतीवर नांदू शकतात.

शब्दार्थ

ऐट – थाट, रुबाब
झालर – कडेला लावलेली शोभेची पट्टी
खळ – पीठ पाण्यात शिजवून केलेला चिकट पदार्थ
कुबट – ओलसर आणि कोंदट (वास)
ठसा – छाप उमटवण्याचे साधन
छिपी – ठशांनी कापड छापणारा कारागीर
सोमल – एक विष
ओसरी – आतल्या दालनापुढची मोकळी जागा
कूड – काठ्यांची भिंत
गिलावा – भिंतीवर दिलेला माती, चुना किंवा सिमेंट यांचा थर
ओळंबा – दोरीला बांधलेले वजन. भिंत सरळ आहे का हे पाहण्याचे गवंड्याचे साधन

वाक्प्रचार

भुरळ घालणे – मोहून टाकणे
पाठ फिरवणे – नाकारणे, दूर जाणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) बोरघाटातील लोहमार्ग कोणत्या साली पूर्ण झाला?
(२) ओवेन जोन्सने कोणत्या राजवाड्याचा अभ्यास केला?
(३) मॉरिसच्या पहिल्या नक्षीतील पक्षी कोणी काढले?
(४) साच्याने नक्षी काढताना सुरुवात कोठून करावी?

प्र. २. कारणे लिहा.
(१) लोणावळ्यात भिंतीचा कागद लवकर खराब होतो.
(२) इंग्लंडमधील कारखानदारांना हिरवा रंग बदलावा लागला.
(३) भिंतीच्या खालच्या भागाला गडद पट्टा ठेवतात.

प्र. ३. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(१) भिंतीची ओल कशी तपासावी?
(२) ‘पूर्वेकडचा कारागीर भिंतीला फसवत नाही’, याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.
(३) मावळातील शेतकऱ्याच्या भिंतीपासून कोणत्या दोन गोष्टी शिकता येतात?

प्र. ४. पुढील शब्दांचे लिंग ओळखा आणि अनेकवचन लिहा.
भिंत, ठसा, फूल, वेल, घर, पट्टा

प्र. ५. पाठातील ‘कागद’, ‘रंग’, ‘नक्षी’ यांसारखे, मराठीत आणि उर्दूत दोन्हीकडे वापरले जाणारे आणखी दहा शब्द शोधून वहीत लिहा.

उपक्रम

तुमच्या वर्गाच्या एका भिंतीची लांबी व उंची मोजा. ती झाकण्यासाठी वॉलपेपरच्या किती गुंडाळ्या लागतील, याचा हिशेब करा. नंतर जाड कागदाचा साचा कापून एखादे पान किंवा तारा काढा आणि चित्रकलेच्या वहीत ती नक्षी ओळीने सहा वेळा उमटवा.